विश्लेषण : परदेशात राहताना पासपोर्ट हरवला, तर आधी काय ठरवायचे?

नोकरी, शिक्षण किंवा व्यवसायासाठी परदेशात राहणाऱ्याचा पासपोर्ट हरवला, की तो पहिली धाव भारतीय वकिलातीकडे घेतो. ते योग्यच आहे. मात्र वकिलातीकडून दोन वेगवेगळे कागद मिळू शकतात. एक नवा पासपोर्ट आणि दुसरा केवळ भारतात परतण्यापुरते इमर्जन्सी सर्टिफिकेट. घाबरून दुसरा कागद मागितला आणि घरी पोहोचल्यावर कळले की परत जाण्याची वाटच अडली आहे, अशी वेळ येऊ शकते. त्यामुळे अर्ज भरण्याआधी एक गोष्ट ठरवावी लागते : इथेच राहायचे आहे की भारतात परतायचे आहे? या उत्तरावर पुढची सगळी प्रक्रिया अवलंबून असते.

पासपोर्टबरोबर नेमके काय हरवते?

पासपोर्ट दिसायला एक पुस्तिका असली, तरी परदेशात राहणाऱ्यासाठी ती तीन कामे करते. आपण भारताचे नागरिक आहोत, हा पुरावा ती देते. त्या देशात राहण्याचा परवाना, म्हणजे व्हिसा, अनेकदा तिच्याच पानावर असतो. शिवाय तिच्याविना विमानात बसता येत नाही आणि सीमाही ओलांडता येत नाही. पुस्तिका हरवली, की या तिन्ही गोष्टी एकदम अडतात.

यातली पहिली गोष्ट परत देण्याचा अधिकार फक्त भारत सरकारचा आहे. आपल्या नागरिकांना पासपोर्ट आणि प्रवासाचे कागद देणे हे परदेशातील वाणिज्य दूतावासांचे काम असल्याचे १९६३ च्या व्हिएन्ना करारातही नमूद आहे. दुसऱ्या गोष्टीचा, म्हणजे व्हिसाचा, निर्णय मात्र ज्या देशात आपण राहतो तो देश घेतो. भारतीय वकिलात दुसऱ्या देशाचा व्हिसा देऊ शकत नाही. ‘वकिलातीत गेलो की सगळे मार्गी लागेल’ ही समजूत इथेच चुकते. आपल्याला दोन सरकारांकडे जावे लागते आणि त्या दोन्हींचा क्रम सांभाळावा लागतो.

पहिली पायरी पोलीस ठाणे का?

पासपोर्ट हरवला असो वा चोरीला गेला असो, स्थानिक पोलिसांकडे तक्रार नोंदवून तिची प्रत घेणे ही पहिली पायरी. नवा पासपोर्ट, इमर्जन्सी सर्टिफिकेट, व्हिसाची नवी नोंद, विम्याचा दावा या सगळ्यांसाठी हीच प्रत पुढे मागितली जाते. काही देशांत हरवलेल्या वस्तूची तक्रार ऑनलाइनही करता येते. तोंडी सांगून निघून येणे पुरेसे नाही. क्रमांक आणि तारीख असलेला कागद हातात हवा.

तक्रार करताना ‘हरवला’ की ‘चोरीला गेला’ हे खरे तेच सांगावे. पोलिसांना सांगितलेला तपशील आणि वकिलातीत द्यायच्या प्रतिज्ञापत्रातील तपशील यांत फरक पडला, तर अर्ज चौकशीत अडकू शकतो. पासपोर्ट क्रमांक पाठ असेल तर तक्रारीत तो लिहून घ्यावा. भारतीय पासपोर्टचा क्रमांक एक इंग्रजी अक्षर आणि सात अंक असा असतो. एकही अंक चुकला, तर भलत्याच पासपोर्टची नोंद होण्याचा धोका असतो. म्हणून क्रमांक नक्की माहीत नसेल, तर घरून छायाप्रत मागवून मगच तो द्यावा.

तक्रार अरबी, जर्मन, जपानी अशा स्थानिक भाषेत मिळाली, तर तिचे इंग्रजी भाषांतर जोडावे लागू शकते. भाषांतर कोणाकडून केलेले चालते, हे संबंधित वकिलातीच्या संकेतस्थळावर आधी पाहावे. नाहीतर खर्च दोनदा होतो.

तक्रारीनंतर जुन्या पासपोर्टचे काय होते?

वकिलातीला कळवल्यावर जुना पासपोर्ट भारताच्या पासपोर्ट यंत्रणेत रद्द म्हणून नोंदवला जातो. हरवलेल्या आणि चोरीस गेलेल्या प्रवास कागदपत्रांची जागतिक नोंद इंटरपोल २००२ पासून ठेवत आहे. तिथे नोंद करण्याचा अधिकार पासपोर्ट देणाऱ्या देशाचा असतो, व्यक्ती थेट नोंद करू शकत नाही. भारतात इंटरपोलशी संपर्काचे काम केंद्रीय अन्वेषण विभाग पाहतो.

ही नोंद महत्त्वाची का, हे मार्च २०१४ मध्ये जगाला कळले. मलेशिया एअरलाइन्सचे एमएच ३७० हे विमान २३९ जणांसह बेपत्ता झाले. त्यातील दोन प्रवासी थायलंडमध्ये चोरीला गेलेल्या इटालियन आणि ऑस्ट्रियन पासपोर्टवर प्रवास करत होते. दोन्ही पासपोर्टची चोरी इंटरपोलकडे नोंदलेली होती, पण विमानतळावर ती पडताळली गेली नव्हती. पुढे या दोघांचा विमान बेपत्ता होण्याशी संबंध आढळला नाही. मात्र आपला हरवलेला पासपोर्ट अनोळखी माणसाच्या खिशातून सीमा ओलांडू शकतो, हे त्यातून दिसले. पासपोर्ट हरवल्याची तक्रार लांबवत राहिलो, तर तेवढा काळ आपल्या नावाचा चालू कागद कोणाच्या तरी हातात राहतो.

नवा पासपोर्ट की इमर्जन्सी सर्टिफिकेट?

सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच. १९६७ च्या पासपोर्ट कायद्यात इमर्जन्सी सर्टिफिकेटची व्याख्याच ‘भारतात प्रवेश करण्यासाठीचे प्रमाणपत्र’ अशा अर्थाची आहे. ते एकाच प्रवासासाठी आणि एकाच दिशेने चालते. त्यावर भारतातून पुन्हा बाहेर जाता येत नाही आणि तिसऱ्या देशात फिरायलाही जाता येत नाही. ते नव्या पासपोर्टपेक्षा लवकर मिळते, म्हणून मोहात पाडते.

समजा, जर्मनीत शिकणाऱ्या विद्यार्थ्याचा पासपोर्ट सत्राच्या मध्यावर हरवला. घरी काही तातडीचे नसेल, तर त्याने तिथेच राहून नव्या पासपोर्टसाठी अर्ज करणे हिताचे. इमर्जन्सी सर्टिफिकेट घेऊन तो पुण्याला आला, तर आधी भारतात नवा पासपोर्ट काढावा लागेल आणि मग परत जाण्यासाठीचे कागद जुळवावे लागतील. तोवर सत्र संपलेले असेल. त्याचे निवास परवान्याचे कार्ड सुरक्षित असेल, तर तिथेच मिळालेल्या नव्या पासपोर्टसोबत ते वापरणे तुलनेने सोपे जाते.

उलट काही प्रसंगी इमर्जन्सी सर्टिफिकेट हाच खरा आधार असतो. घरात मृत्यू किंवा गंभीर आजार, नोकरीचा करार संपलेला, व्हिसाची मुदत संपत आलेली किंवा कायमचे परतायचे ठरलेले, अशा वेळी नव्या पासपोर्टसाठी काही आठवडे थांबण्यात अर्थ नसतो. संयुक्त अरब अमिरातीने सप्टेंबर ते डिसेंबर २०२४ दरम्यान मुदतीपेक्षा जास्त राहिलेल्यांना सवलत दिली होती. त्या वेळी पासपोर्ट नसलेल्या भारतीयांना परतण्यासाठी याच सर्टिफिकेटचा उपयोग झाला.

दोन्हींच्या मधला एक मार्गही असतो. पूर्ण पडताळणीला वेळ लागणार असेल आणि गरज खरी असेल, तर वकिलात कमी मुदतीचा पासपोर्ट देण्याचा विचार करू शकते. तो हक्काने मिळत नाही. मुलाखतपत्र, व्हिसा संपण्याची तारीख, रुग्णालयाचा कागद असा पुरावा जोडून लेखी विनंती करावी लागते.

इमर्जन्सी सर्टिफिकेटवर निघताना तिकीट शक्यतो थेट विमानाचे घ्यावे. मध्ये विमान बदलायचे असेल, तर तो देश आणि ती विमान कंपनी हा कागद स्वीकारते का, हे लेखी विचारून घ्यावे. भारतात उतरल्यावर नव्या पासपोर्टसाठी उपयोगी पडेल म्हणून सर्टिफिकेटची आणि पोलीस तक्रारीची छायाप्रत प्रवासाआधीच काढून ठेवावी.

नव्या पासपोर्टसाठी काय लागते?

अर्ज परराष्ट्र मंत्रालयाच्या पासपोर्ट सेवा संकेतस्थळावर, परदेशातील वकिलातींसाठी असलेल्या विभागातून भरायचा असतो. अनेक देशांत कागद स्वीकारण्याचे काम खासगी सेवा केंद्रांकडे दिलेले आहे. पासपोर्ट द्यायचा की नाही, हा निर्णय मात्र वकिलातीचाच असतो. हा अर्ज ‘नवीन पासपोर्ट’ या प्रकारात भरायचा नसतो. ‘पुन्हा देणे’ हा प्रकार निवडून कारण म्हणून ‘हरवला’ लिहायचे असते. पहिल्यांदाच पासपोर्ट काढत असल्यासारखा अर्ज केला, तर जुनी माहिती लपवली असा अर्थ निघू शकतो.

सोबत पोलीस तक्रार, कुठे आणि कसा हरवला हे सांगणारे ‘परिशिष्ट फ’ नावाचे प्रतिज्ञापत्र, छायाचित्रे, जुन्या पासपोर्टची प्रत, त्या देशातील वास्तव्याचा आणि पत्त्याचा पुरावा लागतो. जुन्या पासपोर्टचे पहिले आणि शेवटचे अशी दोन्ही पाने हवीत. शेवटच्या पानावर आई-वडिलांची नावे, पत्ता आणि फाइल क्रमांक असतो. त्या फाइल क्रमांकावरून भारतातील मूळ नोंद सापडते. प्रत नसेल तरी अर्ज करता येतो, फक्त ओळख पटवायला जास्त वेळ लागतो.

वेळ प्रामुख्याने पडताळणीत जातो. जुना पासपोर्ट मुंबई, पुणे, नागपूर किंवा पणजीच्या कार्यालयाने दिलेला असेल, तर तिथल्या नोंदी तपासल्या जातात. गरज वाटल्यास भारतातील पत्त्यावर पोलीस पडताळणीही होते. गावचे घर बंद असेल किंवा कुटुंब दुसरीकडे राहायला गेले असेल, तर अहवाल रखडतो. म्हणून अर्जात सध्या जिथे कुणी खात्रीने भेटेल तोच पत्ता द्यावा आणि घरच्यांना आधी सांगून ठेवावे.

खर्चही वाढतो. भारतात प्रौढ व्यक्तीच्या ३६ पानी पासपोर्टचे नेहमीचे शुल्क १५०० रुपये आहे. हरवलेल्याच्या बदल्यात तोच पासपोर्ट घ्यायचा तर ३००० रुपये भरावे लागतात. परदेशात शुल्क स्थानिक चलनात असते आणि सेवा केंद्राचा आकार वेगळा पडतो. पासपोर्ट पुन्हा पुन्हा हरवत असेल, तर चौकशी अधिक कडक होते, हेही लक्षात ठेवावे.

एक फरक इथेच सांगायला हवा. दहावी उत्तीर्ण नसलेल्यांच्या पासपोर्टवर परदेशात नोकरीला जाण्याआधी परवानगी आवश्यक असल्याची नोंद असते. ती नोंद आपल्या पासपोर्टवर नव्हती आणि नव्यावरही नको असेल, तर दहावीचे प्रमाणपत्र किंवा अन्य पात्रतेचा पुरावा तयार ठेवावा.

व्हिसा आणि राहण्याच्या परवान्याचे काय?

याचे उत्तर देशागणिक बदलते. आपला राहण्याचा हक्क कुठे नोंदलेला आहे, हा यातला कळीचा प्रश्न. तो पासपोर्टवरच्या चिकटपट्टीवर आहे, वेगळ्या कार्डावर आहे की सरकारच्या संगणकात आहे?

अमिरातीने २०२२ मध्ये निवासी व्हिसा पासपोर्टवर चिकटवणे बंद केले आणि एमिरेट्स आयडी हाच वास्तव्याचा पुरावा मानला. त्यामुळे तिथे पासपोर्ट हरवला म्हणून निवासाचा हक्क लगेच जात नाही. पण तो हक्क संगणकात जुन्या पासपोर्ट क्रमांकाशी जोडलेला असतो. नवा क्रमांक नोंदवून न घेता बाहेर पडले, तर परतीच्या विमानाच्या वेळी अडचण येते.

ब्रिटनमध्ये बहुतेकांची निवास परवान्याची कार्डे २०२४ अखेर संपली आणि त्यांची जागा ई-व्हिसाने घेतली. तिथे नवा पासपोर्ट मिळाल्यावर आपल्या ऑनलाइन खात्यात तो जोडणे आवश्यक आहे. विमान कंपनी तीच नोंद तपासते.

अमेरिकेत गोष्ट थोडी वेगळी आहे. तिथे किती दिवस राहता येईल, हे पासपोर्टवरच्या व्हिसावर ठरत नाही. ते देशात शिरताना झालेल्या आय-९४ नोंदीवर ठरते. विमानतळांवरची ही नोंद २०१३ पासून डिजिटल आहे आणि अमेरिकी सीमाशुल्क विभागाच्या संकेतस्थळावरून ती पुन्हा छापून घेता येते. म्हणजे एच-१बी व्हिसावर काम करणाऱ्याचा पासपोर्ट हरवला, तरी मुदतीपर्यंतचे त्याचे वास्तव्य कायदेशीरच राहते. मात्र हरवलेला व्हिसा अमेरिकेत राहून पुन्हा मिळत नाही. त्यासाठी देशाबाहेरच्या अमेरिकी वकिलातीत अर्ज करावा लागतो. सप्टेंबर २०२५ पासून अमेरिकेने पर्यटक, विद्यार्थी आणि नोकरदारांसारख्या अर्जदारांनी आपल्या नागरिकत्वाच्या किंवा वास्तव्याच्या देशातच मुलाखत द्यावी असे सांगितले आहे. अमेरिकेत राहणाऱ्या भारतीयाला त्यामुळे बहुतेक वेळा भारतातच यावे लागते. अशा व्यक्तीने केवळ घाई म्हणून देश सोडू नये. निघण्याआधी परतीच्या व्हिसाची मुलाखत कधी मिळते, ते पाहून घ्यावे.

व्हिसा दिलेल्या देशालाही तो हरवल्याचे कळवावे, हा सगळीकडे लागू पडणारा सल्ला. पासपोर्टवर तिसऱ्याच देशाचा चालू व्हिसा असेल, तर त्या देशाच्या वकिलातीलाही वेगळे कळवावे लागते.

मालकानेच पासपोर्ट ठेवून घेतला असेल तर?

आखातात काम करणाऱ्यांच्या बाबतीत हा प्रश्न हमखास येतो. रत्नागिरी, रायगडपासून मराठवाड्यापर्यंतच्या अनेक घरांतले कोणी ना कोणी तिथे आहे. पासपोर्ट कंपनीच्या कपाटात असतो आणि मागितला, की टोलवाटोलवी होते. अशा वेळी ‘हरवला’ म्हणून तक्रार करण्याचा सल्ला सोबतचे कामगार देतात. तो धोक्याचा आहे.

भारतीय पासपोर्ट कायद्याच्या कलम १७ नुसार पासपोर्ट ही कायम केंद्र सरकारची मालमत्ता असते. ती अडकवून ठेवण्याचा अधिकार मालकाला नाही. अमिराती आणि कतारच्या कायद्यांतही मालकाने कामगाराचा पासपोर्ट ताब्यात ठेवण्यास मनाई आहे. त्यामुळे जे खरे आहे, म्हणजे ‘मालकाकडे आहे, तो देत नाही’, तेच वकिलातीला आणि स्थानिक कामगार खात्याला सांगावे. खोटी माहिती देऊन पासपोर्ट मिळवणे हा कलम १२ नुसार गुन्हा असून त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. हरवल्याची तक्रार दिल्यावर मालकाने तोच पासपोर्ट पोलिसांपुढे ठेवला, तर खरी तक्रार बाजूला राहून कामगारच अडचणीत येतो.

इमर्जन्सी सर्टिफिकेट मिळाले म्हणजे देश सोडायची परवानगी मिळाली, असेही नाही. सौदी अरेबियात बाहेर पडण्याचा व्हिसा वेगळा लागतो. कामगार पळून गेल्याची नोंद, म्हणजे तिथल्या भाषेत ‘हुरूब’, मालकाने केली असेल, थकलेला दंड असेल किंवा न्यायालयात प्रकरण चालू असेल, तर आधी ते सोडवावे लागते. वकिलात त्यासाठी स्थानिक अधिकाऱ्यांशी बोलू शकते, मात्र त्यांचा निर्णय फिरवू शकत नाही.

पैसे आणि निवारा नसेल, तर मदत कुठे मिळते?

२००९ मध्ये सुरू झालेला भारतीय समुदाय कल्याण निधी परदेशातील वकिलातींकडे असतो. वाणिज्य सेवांवर आकारल्या जाणाऱ्या छोट्या रकमेतून तो उभा राहतो. अडचणीत सापडलेल्या भारतीयाला तात्पुरता निवारा, जेवण, प्राथमिक कायदेशीर मदत आणि खरोखर गरज असल्यास परतीचे तिकीट त्यातून देता येते. मदत गरज पाहून दिली जाते. म्हणून पगार थकल्याचे, मालकाने घराबाहेर काढल्याचे जे काही पुरावे असतील, ते सोबत न्यावेत.

दुबई, रियाध, जेद्दा आणि क्वालालंपूर इथे प्रवासी भारतीय सहायता केंद्रे आहेत. वकिलातीकडून उत्तर मिळत नसेल, तर परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ या संकेतस्थळावर तक्रार नोंदवता येते. ते २०१५ मध्ये सुरू झाले. कार्यालयीन वेळेनंतर तातडी असेल, तर वकिलातीच्या संकेतस्थळावर आपत्कालीन दूरध्वनी क्रमांक दिलेला असतो. भारताची वकिलात नसलेल्या देशांचे काम शेजारच्या देशातील वकिलातीकडे सोपवलेले असते. आपल्यासाठी ती कोणती, हे तिथे राहायला जातानाच पाहून ठेवावे.

याच काळात फसवणूकही होते. वकिलातीतून बोलत असल्याचे सांगून फोनवर पैसे किंवा ओटीपी मागणाऱ्याला काहीही देऊ नये. पासपोर्ट सेवेसारखी दिसणारी बनावट संकेतस्थळेही असतात. सरकारी पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ आहे ना, हे तपासूनच शुल्क भरावे.

गावाकडचे कुटुंब काय करू शकते?

बरेच काही. जुन्या पासपोर्टची छायाप्रत, दहावीची गुणपत्रिका, जन्माचा दाखला, आधार आणि मतदार ओळखपत्र यांचे स्पष्ट फोटो त्याच दिवशी पाठवावेत. पासपोर्ट काढून देणाऱ्या एजंटाकडे किंवा परदेशी पाठवणाऱ्या संस्थेकडे जुनी फाइल असते. तिथेही चौकशी करावी. ‘मदद’वर तक्रार नातेवाईकही नोंदवू शकतात. पोलीस पडताळणीसाठी हवालदार घरी आला, तर घरातल्या ज्येष्ठांना काय सांगायचे ते माहीत हवे. ‘तो इथे राहत नाही’ एवढेच उत्तर दिले आणि तो सध्या परदेशात आहे हे सांगितलेच नाही, तर अहवाल प्रतिकूल जाऊ शकतो.

लहान मुलाचा पासपोर्ट हरवल्यास अर्ज पालकांनी करायचा असतो आणि सामान्यतः दोघांची संमती लागते. एक पालक भारतात असेल, तर त्याचे संमतीपत्र मागवायला जाणारा वेळ आधीच धरावा.

पोर्तुगीज पासपोर्टधारक गोवेकर आणि खलाशांचे काय?

पोर्तुगीज नागरिकत्व घेतलेल्या गोवेकराचा भारतीय पासपोर्टवरचा हक्क संपतो, कारण भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. त्यामुळे त्याचा पोर्तुगीज पासपोर्ट लंडनमध्ये हरवला, तर त्याने पोर्तुगालच्या वाणिज्य दूतावासात जायचे. त्याचे ओसीआय कार्ड हरवले असेल, तर मात्र पोलीस तक्रारीसह भारतीय वकिलातीकडे नव्या कार्डासाठी अर्ज करायचा. नवा पासपोर्ट आल्यावर त्याची प्रत ओसीआय संकेतस्थळावर चढवायची.

कोकण आणि गोव्यातील खलाशांकडे पासपोर्टशिवाय सीडीसी हे नौवहन खात्याचे पुस्तक असते. ते पासपोर्टची जागा घेत नाही. बंदरात पासपोर्ट हरवल्यास कप्तानाला आणि जहाजाच्या स्थानिक एजंटाला लगेच कळवावे, म्हणजे जहाज सुटण्याआधी पोलीस तक्रार आणि वकिलातीशी संपर्क होऊ शकतो. सीडीसीही हरवली असेल, तर तिची तक्रार वेगळी नोंदवावी.

हरवलेला पासपोर्ट नंतर सापडला तर?

सोफ्याच्या फटीत, जुन्या बॅगेच्या अस्तरात पासपोर्ट सापडण्याचे प्रसंग कमी नाहीत. तोवर तो रद्द झालेला असेल, तर त्यावर प्रवास करू नये. विमानतळावरच्या यंत्रात तो हरवलेला म्हणूनच दिसतो आणि त्याचा खरा मालकच संशयित ठरतो. सापडलेला पासपोर्ट वकिलातीत नेऊन द्यावा. म्हणूनच तक्रार करण्याआधी घर, गाडी, कार्यालय, आधल्या दिवशीचे हॉटेल आणि फोटोकॉपीचे दुकान नीट धुंडाळावे. पण त्यात दिवसच्या दिवस घालवू नयेत.

नव्या पासपोर्टचा क्रमांक वेगळा असतो. त्यामुळे बँक, एनआरई खाते, कंपनी किंवा विद्यापीठ, विमा आणि आधी काढलेली विमान तिकिटे या सगळीकडे तो बदलून घ्यावा लागतो.

आज, पासपोर्ट हाताशी असताना काय करून ठेवावे?

नाशिकरोडच्या भारत प्रतिभूती मुद्रणालयात छापल्या जाणाऱ्या पासपोर्ट पुस्तिकेत आता इलेक्ट्रॉनिक चिपही येऊ लागली आहे. अशा ई-पासपोर्टचा प्रायोगिक टप्पा एप्रिल २०२४ मध्ये सुरू झाला आणि त्यात नागपूर, गोव्याची कार्यालयेही होती. चिपमुळे बनावटगिरी अवघड होते, पण पुस्तिका हरवायची ती हरवतेच. मोबाइलमधला फोटो दाखवून सीमा ओलांडता येत नाही. तरीही तोच फोटो नव्या अर्जाचा बराच वेळ वाचवतो.

तेव्हा पहिले पान, शेवटचे पान, चालू व्हिसा आणि निवास कार्डाच्या दोन्ही बाजू यांचे फोटो काढून स्वतःच्या ई-मेलवर आणि घरातल्या एका विश्वासू माणसाकडे ठेवावेत. फक्त मोबाइलमध्ये ठेवलेले पुरत नाहीत, कारण चोरीत पासपोर्ट आणि मोबाइल बहुतेकदा एकदमच जातात. निवास कार्ड आणि पासपोर्ट एकाच पाकिटात ठेवू नयेत. योग्य मापाची दोन-चार छायाचित्रे वेगळी असावीत. वकिलातीचा आपत्कालीन क्रमांक कागदावरही लिहून ठेवावा. ही तयारी असेल, तर पासपोर्ट हरवलेल्या दिवशी पोलीस तक्रार नीट नोंदवता येते आणि राहायचे की परतायचे, हा निर्णय शांतपणे घेता येतो.